पंचवीस वर्षांचा जपानी गोळा

गेल्या डिसेंबरात कोथरूडच्या एका हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं, तिथे मी एक थर्माकोलचा गोळा १४५० रुपयांना विकत घेतला. घेताना अर्थातच तो थर्माकोलचा नव्हता. तो 'मारिमो' होता, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या शैवालाचा जिवंत गोळा, जपानच्या होक्काइडो बेटावरच्या अकान सरोवरातला, पंचवीस वर्षांचा.

स्टॉल देखणा होता. काळं कापड, बरण्यांच्या खाली दिव्याची पट्टी, बरणीत निळी वाळू, दोन शंख, लाल रंगाची इवलीशी जपानी कमान आणि कमानीखाली लिंबाएवढा, मखमली हिरवा गोळा. स्टॉलवरचा मुलगा बोलायला गोड. "ताई, हा जिवंत आहे. याला खाणं नको, पंप नको. आनंदात असला की आपोआप वर तरंगतो." सोबत सोनेरी शिक्का मारलेलं प्रमाणपत्र, अकान सरोवराचं. मी मोबाइल काढला आणि पैसे दिले. बिल मागितलं नाही, कारण प्रदर्शनात बिल कोण मागतं?

घरी सासूबाईंनी किंमत ऐकली. "शेवाळाला दीड हजार? आपल्या गच्चीच्या टाकीखाली खरवडून घे, फुकट."

दुसऱ्या दिवशी पाणी किंचित हिरवट झालं. "नवीन जागेत रुळतोय," असं स्टॉलवरच्या मुलाने व्हॉट्सअॅपवर कळवलं. चौथ्या दिवशी गोळा कमानीखालून सुटून वर आला. मी आनंदाने फोटो पाठवला, त्यावर त्याचं हृदयाचं चिन्ह आलं. ही थाप मला इतकी सहज पचली, कारण तिच्यात खरं होतं. मारिमो खरंच तरंगतो. उजेडात तो प्रकाशसंश्लेषण करतो, प्राणवायूचे बारीक बुडबुडे त्याच्या तंतूंत अडकतात आणि त्यांच्या जोरावर गोळा वर येतो. पण अंधार पडला की बुडबुडे जातात आणि तो पुन्हा तळाशी बसतो.

माझा बसेना. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले, टॉर्च मारला, तर महाशय वरच, फुग्यासारखे. अंगावर एकही बुडबुडा नाही. वाळू बोटाने बाजूला केली तर तळाच्या दगडाला माशाच्या गळाची पारदर्शक दोरी गुंडाळलेली होती आणि तिचं दुसरं टोक मोकळं होतं. म्हणजे शंख, कमान, निळी वाळू ही सजावट नव्हतीच, दोरी झाकायची सोय होती.

सकाळी सासूबाईंनी विळी घेतली. मी "अहो आई, जिवंत असेल तर?" म्हणेपर्यंत दोन फाका झाल्या होत्या. आत पांढरे मणी, वर डिंकाने चिकटवलेला हिरव्या लोकरीचा भुगा. विळीच्या पात्यावर हिरवा रंग आणि ओट्यावर थर्माकोलचे कण, जे झाडून गोळा होत नाहीत, हाताला चिकटतात.

मग मी वाचायला बसले, जे आधी करायला हवं होतं. मारिमोला 'मॉस बॉल' म्हणतात, पण ते मुळात मॉस नाही, हिरवं शैवाल आहे. सरोवराच्या तळाशी लाटांनी लोळत राहिल्यामुळे तंतूंचा गोल गोळा होतो. जपानीत 'मारि' म्हणजे चेंडू आणि 'मो' म्हणजे पाणवनस्पती. वाढ वर्षाला साधारण ५ मिलिमीटर, म्हणजे माझा लिंबाएवढा गोळा फार तर आठ-नऊ वर्षांचा ठरला असता, पंचवीस कुठून? आणि तेही आपोआप वाढलेला असता तर, कारण बाजारातले बरेच गोळे सुटे तंतू हातावर वळून केलेले असतात. त्यांचं वय गोळ्याच्या मापावरून सांगताच येत नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते प्रमाणपत्राचं. अकान सरोवराचे मारिमो जपानने १९२१ मध्ये नैसर्गिक स्मारक आणि १९५२ मध्ये विशेष नैसर्गिक स्मारक ठरवले. तिथून उचलून विकायला परवानगी नाही. ज्या कागदाकडे बघून मी विश्वास ठेवला, तो कागदच सांगत होता की माल एकतर चोरीचा आहे किंवा खोटा.

स्टॉलवाल्या मुलाला कापलेल्या गोळ्याचा फोटो पाठवला. उत्तर तत्काळ आलं: "सॉरी ताई, लॉट खराब होता. नवीन पाठवतो, फक्त कुरिअरचे ९० द्या." आणि मी दिले. हो, दिले. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न बिलाचा विचारला. माझ्याकडे पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट आणि जपानचं प्रमाणपत्र.

नंतर मत्स्यालयाच्या एका जुन्या दुकानातून खरा मारिमो आणला. काकांनी न सांगता तो पाण्यातून काढून तळहातावर पिळला. स्पंजासारखं पाणी निघालं, रंग उतरला नाही, वास ओल्या मातीचा. पुन्हा पाण्यात टाकल्यावर जरा वेळ तरंगला, मग हळूहळू खाली गेला. कडेचे तंतू बोटाने विलगून आतला हिरवा रंगही दाखवला.

बरणी आता साधी आहे. तोंड रुंद, म्हणजे हात जातो. वाळू बिनरंगाची, नीट धुतलेली. रंगीत वाळू घ्यायचीच असेल तर आधी दोन दिवस वाटीत भिजवून पाहा. नळाचं पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवून मग भरते, क्लोरिन उडावं म्हणून. पंधरा दिवसांनी पाणी बदलते, तेव्हा गोळा हलकेच पिळून तळव्यावर फिरवते. बरणीला साबण लावत नाही. खिडकीतलं ऊन नाही, मारिमोला थंडावा लागतो. एप्रिल-मेमध्ये आमच्या तिसऱ्या मजल्यावर जी भट्टी होते, तिच्यात तो माठाशेजारी फरशीवर राहिला आणि तगला.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका प्रदर्शनात तेच काळं कापड दिसलं. मुलगाही तोच, पण मला ओळखलं नाही. मी म्हटलं, "एक गोळा बाहेर काढून पिळून दाखवता का?"

"नको ताई, त्याला त्रास होतो."

शेजारी उभ्या बाईंना मी हळूच म्हटलं, "आत थर्माकोल आहे हो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच समोरच्या स्टॉलवाली असेन. तेवढ्यात टेबलावरच्या डबीतून खणखणीत आवाज आला, एक हजार चारशे पन्नास रुपये प्राप्त झाले.