फ्लॉरेन्स की व्हेनिस? इटलीच्या पहिल्या फेरीत दोनच रात्री उरल्या असतील तर

रोमचे तीन-चार दिवस पक्के झाले, व्हिसा लागला, परतीचं तिकीट निघालं आणि मध्ये दोन रात्री मोकळ्या राहिल्या. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दोन्ही शहरं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. रोमहून वेगवान गाडी साधारण दीड तासात फ्लॉरेन्सला पोचते आणि तिथून सव्वादोन तासांत व्हेनिसला. म्हणून एक रात्र इथे, एक रात्र तिथे असा मोह होतो. तो आवरावा. खोली दुपारी तीनला ताब्यात मिळते, दुसऱ्या दिवशी दहा-अकराला सोडावी लागते. बॅगा ठेवण्यात आणि उचलण्यातच दोन्हीकडचा अर्धा दिवस जातो आणि हाती लागतात ती दोन अर्धवट शहरं.

निवड करताना आधी एक फरक लक्षात घ्यावा. फ्लॉरेन्स हे दिवसाचं शहर आहे, व्हेनिस रात्रीचं आणि पहाटेचं. फ्लॉरेन्सचा ऐवज दाराआड आहे: उफिझी संग्रहालयातली चित्रं, अकादेमिया संग्रहालयातला डेव्हिडचा पुतळा, कॅथीड्रलच्या घुमटाच्या पोटातला जिना. सगळ्याला तिकीट, वेळ आणि कुलूप. व्हेनिसमध्ये उलट. तिथलं सगळ्यात मोठं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे खुद्द ते शहर. मुक्कामाला असाल तर बघायला तिकीट लागत नाही, पण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात गर्दीमुळे ते धड दिसतही नाही. पुढचं बरंचसं गणित या फरकातून निघतं.

आधी वार बघा

उफिझी आणि अकादेमिया दोन्ही सोमवारी बंद असतात. रविवारी कॅथीड्रल प्रार्थनेसाठी राखलेलं असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांना प्रवेश फुकट असतो. ऐकायला छान, पण त्या दिवशी आगाऊ वेळ मिळत नाही आणि रांग इमारतीला वळसा घालते. म्हणजे तुमच्या दोन रात्रींत रविवार-सोमवार येत असेल तर फ्लॉरेन्सचा निम्मा जीव गेला. व्हेनिसचा डोजेंचा, म्हणजे जुन्या राज्यप्रमुखांचा, राजवाडा मात्र आठवड्याचे सातही दिवस उघडा असतो. तिथे सोमवारी फक्त रिआल्तोचा मासळीबाजार हुकेल. तो रविवारीही भरत नाही.

फ्लॉरेन्समध्ये आणखी एक अट आहे: आगाऊ नोंदणी. कॅथीड्रलच्या, म्हणजे वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर चढायला ठरावीक वेळेचं तिकीट लागतं आणि मोसमात ते बरेच दिवस आधी संपतं. अकादेमियाचं तसंच. क्रम असा ठेवा: आधी घुमटाची वेळ मिळवा, मग तिच्या आगेमागे उफिझी आणि अकादेमिया बसवा, शेवटी रेल्वेचं तिकीट काढा. लोक नेमकं उलटं करतात आणि मग दुप्पट दराने तिकिटं विकणाऱ्या दलालांच्या संकेतस्थळांवर जाऊन पडतात. ती संकेतस्थळं दिसायला अगदी अधिकृत वाटतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे किंमत: 2025 मध्ये उफिझीचं तिकीट 25 युरो होतं आणि आगाऊ नोंदणीचे 4 वेगळे. कोणी 50 मागत असेल तर तो मधला माणूस. अठरा वर्षांखालच्या मुलांना उफिझी आणि अकादेमियात तिकीट नाही, फक्त नोंदणीचे पैसे पडतात. हे ध्यानात न ठेवता पूर्ण तिकिटं काढली जातात.

व्हेनिसला सान मार्कोच्या बसिलिकाची वेळ आधी घेतली आणि राजवाड्याचं तिकीट महिनाभर आधी काढलं (2025 मध्ये 30 ऐवजी 25 युरो) की झालं. बसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही.

गुडघे आणि बॅगा

ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर निर्णय बऱ्याचदा इथेच होतो. फ्लॉरेन्सचा जुना भाग सपाट आहे. सांता मारिया नोवेल्ला स्टेशनातून कॅथीड्रलपर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालत, मध्ये एकही जिना नाही. रस्ते दगडी आहेत, चाकांची बॅग खडखडते, पण येते. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला पायऱ्या. तेवीस किलोची बॅग घेऊन पाच पूल ओलांडायचे म्हणजे पाच वेळा उचलून चढायची आणि पाच वेळा उचलून उतरायची, मागे लोक खोळंबलेले. म्हणून व्हेनिसचं हॉटेल निवडताना खोलीचे फोटो नंतर बघा. आधी विचारा की सर्वांत जवळच्या वापोरेत्तोच्या, म्हणजे जलबसच्या थांब्यापासून दारापर्यंत किती पूल आहेत. उत्तर ‘एकही नाही’ असेल तर रात्रीमागे वीस युरो जास्त मोजायला हरकत नाही. दुसरा उपाय म्हणजे मोठ्या बॅगा स्टेशनातल्या सामानघरात ठेवून दोन रात्रींपुरती पिशवी घेऊन आत जाणं.

उंचावरून शहर बघायचं तर गणित फिरतं. फ्लॉरेन्सच्या घुमटाला 463 पायऱ्या आणि लिफ्ट नाही. सुरुवातीचा गोल जिना बरा आहे. मग तुम्ही घुमटाच्या आतल्या सज्जावर निघता आणि वासारी-झुक्कारींचं ‘अंतिम निवाडा’ हे भित्तिचित्र एकदम हाताच्या अंतरावर येतं. खालून नाजूक दिसणाऱ्या आकृती इथे राक्षसाएवढ्या. त्यानंतरचा रस्ता घुमटाच्या दोन कवचांच्या मधून जातो. 1420 ते 1436 या काळात खालून आधाराचा लाकडी साचा न उभारता हा घुमट रचला, तो कसा, हे इथे कळतं: विटा आडव्या थरांत मध्येच उभ्या घालून नागमोडी गुंफल्या आहेत, म्हणजे ओला थर घसरत नाही. भिंत मात्र अंगावर झुकलेली, रुंदी जेमतेम एका माणसाची, उन्हाळ्यात हवा कोंदट. मागून माणसं येत असतात, त्यामुळे निम्म्यावरून परत फिरणं कठीण. बंद जागेची भीती असेल, दम लागत असेल तर शेजारचा जॉत्तोचा मनोरा घ्या. पायऱ्या 414, पण मधल्या मजल्यांवर थांबून श्वास घेता येतो, आणि फोटोत घुमटच येतो, जो घुमटावर उभं राहून येत नाही. घुमटाची वेळ नाही मिळाली म्हणून हळहळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

व्हेनिसच्या सान मार्को मनोऱ्याला लिफ्ट आहे. जुना मनोरा 14 जुलै 1902 रोजी कोसळला; आजचा 1912 चा, जवळजवळ 99 मीटर उंच. रांग मोठी असेल तर समोरच्या सान जॉर्जो माज्जोरे बेटावरच्या चर्चचा मनोरा बघा, तिथेही लिफ्ट आहे आणि तिथून सान मार्को समोर दिसतं.

राहायचं कुठे

फ्लॉरेन्समध्ये हा प्रश्न सोपा आहे. स्टेशन, कॅथीड्रल आणि नदी यांच्यामध्ये कुठेही राहा. नदीपलीकडचा ओल्त्रार्नो थोडा शांत, जेवणाला बरा. भाड्याची मोटार असेल तर मात्र जुन्या शहरात शिरू नका. वाहनबंदी क्षेत्राच्या कमानीवर कॅमेरे आहेत आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी गाडी भाड्याने देणाऱ्याच्या जादा शुल्कासह भारतात घरी येते.

व्हेनिसमध्ये हाच प्रश्न सगळ्यात अवघड. स्वस्त म्हणून लोक मेस्त्रेला राहतात. ती मुख्य भूमीवर आहे, रेल्वेने दहा-बारा मिनिटं. अंतर थोडं आहे, पण वेळ चुकीची पडते. संध्याकाळी सहानंतर एका दिवसासाठी आलेले परततात, गल्ल्या रिकाम्या होतात, पाण्याचा आवाज ऐकू यायला लागतो, आणि नेमकं तेव्हाच मेस्त्रेवाले शेवटची गाडी किती वाजता म्हणून घड्याळ बघायला लागतात. पॅकेज टूरमधलं चार तासांचं व्हेनिस तर लग्नाला जाऊन मांडवातूनच परतण्यासारखं. रात्री दहाला सान मार्कोचा चौक आणि सकाळी सातला रिआल्तोचा पूल, या दोन वेळा मिळणार नसतील तर व्हेनिस पुढच्या खेपेला ठेवा आणि फ्लॉरेन्स निवडा. आमचा कौल इथे स्पष्ट आहे.

स्टेशनांचीही गफलत होते. पाटीवर फ्लॉरेन्सला ‘फिरेन्झे’ आणि व्हेनिसला ‘व्हेनेझिया’ लिहिलेलं असतं. ‘व्हेनेझिया मेस्त्रे’ आधी येतं. बेटावरचं स्टेशन ‘व्हेनेझिया सांता लुचिया’. घाईत मेस्त्रेला उतरणारे रोज दिसतात.

खर्च

फ्लॉरेन्समध्ये पैसा दारांवर जातो, व्हेनिसमध्ये पाण्यावर आणि पलंगावर. 2025 च्या दरांनी उफिझी नोंदणीसह 29, अकादेमिया 20, घुमट आणि परिसराचा पास 30, म्हणजे माणशी 79 युरो. फिरायला मात्र पायच पुरतात. व्हेनिसमध्ये वापोरेत्तोचं 75 मिनिटांचं एक तिकीट 9.50 युरो, 48 तासांचा पास 35. चौघांचे 140 फक्त ये-जा करण्याचे. चार फेऱ्यांत पास वसूल होतो. पास असला तरी दर वेळी यंत्राला लावून ‘बीप’ ऐकायचाच, नाहीतर तपासनीसासमोर पास असून दंड. ग्रँड कॅनाल बघायला एक नंबरची सावकाश नाव पकडा, संध्याकाळी, शक्यतो पुढची उघडी जागा. गोंडोल्याचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 110. दर नावेचा आहे, माणशी नाही, आणि पाच जण बसतात. घासाघीस करण्यापेक्षा आधी मिनिटं विचारून घ्यावीत. नुसतं गोंडोल्यात बसल्याचं समाधान हवं असेल तर ग्रँड कॅनाल आडवा पार करणारी ‘त्रागेत्तो’ 2 युरोत होते.

एका दिवसासाठी येणाऱ्यांना व्हेनिसने एप्रिल 2024 पासून मोसमातल्या ठरावीक तारखांना प्रवेश शुल्क लावलंय. 2025 मध्ये अशा 54 तारखा होत्या: चार दिवस आधी भरलं तर 5 युरो, नंतर 10. शहरात मुक्काम करणाऱ्यांना माफी आहे, पण तिचीही ऑनलाइन नोंद करून कोड घ्यावा लागतो. हॉटेलचा पर्यटक कर दोन्हीकडे वेगळा द्यावा लागतो.

जेवण, शाकाहारी असाल तर

इथे फ्लॉरेन्स सरस. शिळ्या पावाची, घेवड्याची आणि काळ्या कोबीची रिबोल्लीता, टोमॅटोत शिजवलेला पाव म्हणजे पाप्पा अल पोमोदोरो, हे मुळात गरिबाघरचे शाकाहारी पदार्थ. फक्त ‘ब्रोदो’ कशाचा आहे ते विचारा. सूपचं पाणी मांसाचं असू शकतं. तिथला पाव बिनमिठाचा असतो, तो बिघडलेला नाही. व्हेनिस खारकच्छाचं शहर, बहुतेक ताटात मासा. ‘बिगोली इन साल्सा’ दिसतो नुसता कांद्याचा पास्ता, त्यात खारवलेली अँकोव्ही विरघळलेली असते. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं दोन्हीकडे पाठ ठेवा. पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं द्रव्य, असतं; कडक पाळणाऱ्यांनी ते वरून घालू देऊ नये. मासे खाणाऱ्यांनी अर्थातच व्हेनिसला जावं आणि टेबलावर न बसता बाकारोत, म्हणजे तिथल्या छोट्या मद्यगृहात, उभ्या उभ्या चिकेत्ती, म्हणजे घासाएवढे पदार्थ, खाव्यात.

पाणी

4 नोव्हेंबर 1966 ला दोन्ही शहरं एकाच दिवशी बुडाली होती. फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा तसा धोका पर्यटकाने मोजायचं कारण नाही. व्हेनिसला ऑक्टोबर ते मार्च भरतीचं पाणी चढतं. 2020 पासून मोसे या पूररोधक यंत्रणेचे दरवाजे समुद्र अडवतात, पण ते साधारण 110 सेंटिमीटरच्या अंदाजाला उचलले जातात आणि सान मार्कोचा चौक त्याहून बऱ्याच कमी पातळीला ओला होतो. नोव्हेंबरात जात असाल तर गुडघ्याएवढे बूट तिथेच मिळतात, घरून नेऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्हीकडे उकाडा; डोंगरांच्या कुशीतलं फ्लॉरेन्स जास्त तापतं.

कोल्हापूरची छत्री

फ्लॉरेन्सच्या बाजूने एक मुद्दा फक्त मराठी माणसासाठी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी याच शहरात वारले, वय जेमतेम वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं आणि 1874 मध्ये तिथे छत्री आणि अर्धपुतळा उभा राहिला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. शेजारच्या पुलाचं नाव ‘पोन्ते आल्लिंदियानो’, भारतीयाचा पूल. जागा काशिने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला आहे. ट्रामने काशिने थांब्यावर उतरून सरळ नदीकाठाने सुमारे तीन किलोमीटर चालायचं. जाऊन-येऊन दोन तास लागतात, म्हणून सकाळ संग्रहालयांना ठेवून हे उन्हं उतरताना करा.

दोन्ही हवीच असतील

तर रात्री व्हेनिसला द्या आणि फ्लॉरेन्सला वाटेत एक दिवस. उलट करू नका. रोमहून सातच्या आसपासची गाडी पकडली तर नऊच्या आत फ्लॉरेन्स. स्टेशनातल्या सामानघरात बॅगा ठेवा. उघडण्याची-मिटण्याची वेळ आधी बघा. दहाची अकादेमिया किंवा उफिझी, दोन्हींपैकी एकच. दुपारी पोन्ते वेक्कियो हा जुना पूल आणि घुमट किंवा मनोरा. पाचच्या पुढची गाडी व्हेनिसकडे, सांता लुचियाचं तिकीट. इटलीत रेल्वेसंप आधी जाहीर होतात आणि बऱ्याचदा शुक्रवारी असतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात ‘शोपेरो’ हा शब्द आणि तारीख टाकून एकदा शोधा. संप निघाला तर रोमची खोली एक रात्र वाढवणं स्वस्त पडतं.