वॉच ड्यूटी ॲप: लेक कॅलिफोर्नियात असलेल्या आईचा अनुभव

8 जानेवारी 2025. इंदूरला सकाळचे आठ वाजले होते. मी मटार सोलत बसले होते आणि फोन वाजला. लेकीचा नव्हे, वॉच ड्यूटीचा, म्हणजे वणव्यांची खबर देणाऱ्या ॲपचा. लॉस एंजेलिसजवळच्या ईटन कॅनियनला आग. लेक-जावई राहतात पासाडेनात, तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर. त्यांच्याकडे तेव्हा 7 तारखेची संध्याकाळ होती.

हे ॲप आदल्या दिवाळीत मी लेकीकडे गेले तेव्हा तिनेच माझ्या फोनमध्ये टाकून दिलं होतं. "आई, इथे आगीची भीती थंडीच्या तोंडावरच जास्त." मला पटलं नव्हतं. आपल्याकडे महू-चोरलकडे वणवे लागतात ते होळीच्या पुढेमागे, सागाची पानगळ झाली की. थंडीत आपण मावठ्याची वाट बघतो, गव्हाला बरा म्हणून. तिकडे उलटं आहे. पाऊस हिवाळ्यातच पडतो, आणि तो लांबला की उन्हाळाभर वाळलेलं गवत-झुडूप तसंच उभं राहतं. त्यात नेवाडा-युटाच्या पठारावरून सांता आना वारे सुटतात. डोंगर उतरताना ही हवा दाबली जाते, तापते, आणखी कोरडी होते. त्या वर्षी तर आधीचे दोन हिवाळे भरपूर पावसाचे, त्यामुळे रान माजलेलं. आणि नंतर आठ महिने लॉस एंजेलिसला पाऊस जवळजवळ नाहीच.

त्या सकाळी मी नकाशा उघडला तो रात्रीपर्यंत मिटला नाही. आगीच्या खुणेवर बोट ठेवलं की खाली वेळ टाकून बातम्या येतात: आग कुठल्या रस्त्यापर्यंत आली, वारा कुठला, कुठला भाग रिकामा करायला सांगितलाय. लिहिणाऱ्यांत निवृत्त अग्निशामक आणि कंट्रोल रूममध्ये काम केलेली माणसं आहेत. ती अग्निशमन दलाच्या रेडिओवरचं बोलणं ऐकून, ताडून मगच टाकतात. अंदाज नाही, घबराट नाही. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तेव्हा कुठले कुठले जळते व्हिडिओ फिरत होते. मी ते बघणंच सोडलं.

सगळ्यात महत्त्वाचे दोन रंग. पिवळा म्हणजे सामान बांधून तयार राहा, म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर आत्ताच निघा. लाल म्हणजे उठा आणि निघा. लेकीचा भाग पिवळा झालेला मी इथे बघितला आणि फोन केला. ती पासपोर्टची पिशवी हातात घेऊन दारातच उभी होती. "निघतोय आई, आता फोन करू नकोस, तुझे जावई गाडी चालवतायत." मी केला नाही. नकाशा होता म्हणूनच मला ते जमलं. तासाभराने तो चौकोन लाल झाला, तेव्हा ती दोघं अर्व्हाइनच्या वाटेवर होती.

त्यांचं घर वाचलं. ईटनच्या आगीत 9,400 हून अधिक घरं-इमारती गेल्या. लेक जिथे भाजी घ्यायची तो अल्टाडेनाचा भाग राख झाला. आग पूर्ण आटोक्यात यायला 31 जानेवारी उजाडली.

ॲप 2021 साली जॉन मिल्स यांनी सुरू केलं, संस्था ना-नफा आहे. रोजच्या गरजेचं सगळं फुकट, जाहिरात नाही, खातंही उघडावं लागत नाही. विमानं कुठे फिरतायत ते बघायला मात्र वर्गणी भरावी लागते. माझं त्यावाचून काही अडलं नाही. इंग्रजी मात्र वाचता यायला हवं. शेजारच्या काकूंचा मुलगा सॅन डिएगोला आहे, त्यांना मी नुसते रंग शिकवले, तेवढ्यावर त्यांचं भागतं.

मुलं तिकडे असतील तर त्यांची काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, निवडून सूचना चालू करा, आणि ती कुठल्या झोनमध्ये, म्हणजे रिकामं करायला सांगतात त्यातल्या कुठल्या भागात, राहतात ते आधीच विचारून ठेवा. ऐन वेळी त्यांना सांगायला फुरसत नसते. माझ्या लेकीच्या झोनचा क्रमांक मी दरवर्षी नव्या कालनिर्णयावर लिहिते, ऑक्टोबरच्या पानावर.