सागाच्या केसा, वेल्डिंगच्या गॅल्या आणि भंगारातली स्टिक : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वडिलांचा ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचे छपाईयंत्र, मी पुन्हा सुरू केला तेव्हा यंत्र शाबूत होते आणि खिळेही, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरेही, बऱ्यापैकी शिल्लक होते. ते ठेवायच्या केसा, म्हणजे घरे पाडलेले लाकडी ट्रे, मात्र वाळवीने आणि उंदरांनी आपसांत वाटून घेतल्या होत्या. पावतीपुस्तकांवर नंबर टाकणे, परफोरेशन मारणे आणि अधूनमधून शहरातल्या हौशी मंडळींसाठी खिळ्यांच्या छपाईच्या लग्नपत्रिका काढणे एवढ्या कामासाठी मुंबई-पुण्याहून जुन्या केसा वाहून आणण्याचा खर्च परवडणारा नव्हता. म्हणून गेल्या दिवाळीनंतर मी परतवाड्याच्या एका मिस्त्रीकडून सागाच्या चार केसा आणि त्यांचे उतरते स्टँड, जवळच्याच एका वेल्डिंगच्या दुकानातून सहा गॅल्या (जुळलेला मजकूर ठेवायची ताटे) आणि भंगाराच्या ढिगातून दोन कंपोझिंग स्टिक (हातात धरून ओळी जुळवायचे साधन) असा सगळा संच जमवला. एक उन्हाळा आणि बराचसा पावसाळा त्यावर काम केल्यानंतर हे लिहीत आहे, कारण विदर्भाच्या हवेत लाकडाची परीक्षा वैशाखात होते आणि पुरवणी परीक्षा श्रावणात.

आधी केसांविषयी, कारण पैसाही तिथेच जास्त गेला आणि शिकायलाही तिथेच मिळाले. परतवाड्यात लाकडाचे काम करायला सांगणे सोपे आहे. मेळघाट पाठीशी असल्यामुळे तिथल्या मिस्त्रींना सागाची जाण हातातच असते आणि कोणता तुकडा वाकेल, कोणता निमूट राहील हे ते रंधा मारण्याआधी सांगतात. मी दिलेले माप ३२ इंच लांब, १६ इंच रुंद आणि सव्वा इंच खोल असे होते, कारण वडिलांच्या जुन्या स्टँडचे जे अवशेष उरले होते त्यांवर तेवढीच केस बसत असे. बाहेरची चौकट पाच सुताची, आतल्या पट्ट्या एक सुताच्या आणि सगळ्या पट्ट्या खाचा पाडून एकमेकींत अडकवलेल्या. एकही चूक, म्हणजे सुताराचा बारीक खिळा, किंवा डिंकाचा ओघळ आत नाही. नऊ महिन्यांत एकही पट्टी हललेली नाही. बारा पॉइंट आकाराच्या खिळ्यांनी भरलेली केस मी कापसाच्या काट्यावर तोलून पाहिली, ती चौदा किलोंच्या आसपास भरली. इतके वजन रोज ओढून-ढकलूनही सांधे जागचे हलले नाहीत, तेव्हा सुतारकामाला पूर्ण गुण द्यायलाच हवेत.

घरांच्या आखणीत मात्र पहिली केस सपशेल नापास झाली. मी कागदावर आखणी काढून दिली होती, तरी मिस्त्रींनी सगळी घरे एकसारखी केली आणि वर समजावले, "सारखे खाने केले तं केस देखणी दिसन नं भाऊ." देखणी ती होतीच, एखाद्या शेटजीच्या दुकानात मसाल्यांसाठी ठेवावी अशी. पण जुळाऱ्याच्या, म्हणजे खिळे जुळवून ओळी लावणाऱ्याच्या, कामाला सारखेपणा हा दोष असतो. इंग्रजीच्या कॅलिफोर्निया जॉब केसमध्ये ८९ घरे असतात आणि त्यात 'ई'चे घर सर्वांत मोठे असते, कारण इंग्रजी मजकुरात तेच अक्षर सर्वाधिक लागते. आपल्याकडे ती जागा कान्याची. कोणत्याही मराठी पत्रिकेचा मजकूर घ्या, कान्याचे खिळे इतर कशाहीपेक्षा झपाट्याने संपतात; त्याच्या मागोमाग र, त, य, च, ल, वेलांट्या आणि अनुस्वार येतात, आणि ङ किंवा ञ यांची घरे वर्षभर कोणी उघडूनही पाहत नाही. त्यात अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, उकार यांचे खिळे वेगळे असल्याने देवनागरीला इंग्रजीप्रमाणे एका-दोन केसांत आवरता येत नाही. आमच्याकडे चार केसा लागतात आणि जुळारी त्यांच्या मधोमध उभा राहतो. जवळच्या दोन केसांत नेहमीचे खिळे आणि वरच्या दोन केसांत क्वचित लागणारे, अशी मांडणी नसेल तर एका ओळीसाठी हाताला किती येरझारा कराव्या लागतात ते उभे राहून पाहिल्याशिवाय कळत नाही.

वडिलांच्या काळचे आमचे जुळारी, ज्यांना गावभर सगळे दादा म्हणतात, त्यांना मी ती पहिली केस दाखवली. त्यांनी काही न बोलता खिशातून चष्मा काढला, पण डोळ्यांवर चढवला नाही, टेबलावर ठेवला. मग डोळे मिटून उजवा हात केसच्या डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून मधोमध फिरवला आणि म्हणाले, "काना कुठं हाये?" कान्याचे घर अर्थातच इतरांसारखेच होते आणि बोटांना ते ओळखू आले नाही. एवढ्याच कारणावरून ती केस मी परत पाठवली. मिस्त्रींनी मजुरी पुन्हा घेतली नाही, लाकडाचे पैसे मात्र घेतले, आणि त्यात मला अन्याय वाटत नाही, कारण कागद देऊन मी घरी निघून आलो, समोर बसून समजावून सांगितले नाही. दुसऱ्यांदा मी एक जुना खिळा, एक छापलेली पत्रिका आणि दादांना सोबत घेऊन गेलो. मिस्त्रींनी पत्रिकेतले काने मोजले आणि हसून म्हणाले, "हा काना तं लय जागा खाते." त्यानंतर आलेल्या तिन्ही केसा आणि दुरुस्त झालेली चौथी यांत कान्याचे घर इतर घरांच्या चौपट मोठे आणि हाताच्या अगदी समोर आहे. एक घर आम्ही केवळ 'श्री'साठी राखून ठेवले, कारण "आमचे येथे श्रीकृपेकरून" या ओळीपासून सुरुवात झाली की नातेवाईकांच्या नावांपर्यंत जाईतो श्रींचा साठा हमखास संपतो आणि मग उरलेल्या काकामामांना श्री लावायला छापून झालेला फर्मा (चौकटीत आवळलेला मजकूर) सोडवून खिळे परत आणण्याची वेळ येते.

तळाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. मिस्त्रींचा आग्रह तळाला प्लायवूड लावण्याचा होता. स्वस्त पडते, फाटत नाही, वजन कमी. मी नकार दिला, कारण पूर्वी एक तात्पुरती केस मी प्लायच्या तळाची करून घेतली होती आणि एका पावसाळ्यात तिच्यातल्या खिळ्यांवर पांढरी भुकटी धरली. खिळ्यांचा धातू म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे मिश्रण. त्यातल्या शिशाला बंद जागेत, दमट हवेत, लाकडातून आणि प्लायच्या गोंदातून सुटणारी आम्लाची वाफ बाधते. ओक लाकूड तर यासाठी कुख्यात आहे. सागही यात अगदी निर्दोष नाही, पण चांगले वाळवलेले असेल आणि केसा उघड्या स्टँडवर हवेशीर राहिल्या तर त्रास जाणवत नाही. या वर्षीच्या पावसाळ्यात तरी आमच्याकडे एकाही खिळ्यावर पांढरे आले नाही. तळ सागाच्याच पातळ फळ्या खाचेत जोडून केला. त्याची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागली: पारा ४५ अंशांच्या घरात गेल्यावर फळ्या आक्रसल्या, जोडांत बारीक फट पडली आणि सर्वांत बारीक स्पेस, म्हणजे शब्दांमधली जागा भरणारे खिळे, त्या फटीतून गायब होऊ लागल्या. उपाय जुनाच आहे. दादांनी प्रत्येक घराच्या मापाने जाड कागद कापून तळाला अंथरला आणि त्याच्या कडा थोड्या वर वळवल्या, त्यामुळे फट झाकली गेली आणि घराचा कोपराही गोलसर झाला. शेवटचे दोन-चार खिळे आता बोटाने खरवडून नव्हे, तर सहज सरकवून काढता येतात. नव्या केसा घेणाऱ्यांनी हे काम खिळे भरण्याआधीच उरकून घ्यावे, नंतर करायचे म्हणजे अख्खी केस रिकामी करावी लागते.

स्टँडविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. उतार योग्य आहे, उंची दादांच्या कोपराच्या मापाने घेतली आहे, पाय रुंद ठेवले आहेत. फक्त केसा सरकवायच्या खाचांना मेण लावावे लागते, नाहीतर पावसाळ्यात फुगलेली केस ओढताना एकदम निसटते आणि मग जे होते ते मी इथे लिहीत नाही.

गॅल्यांच्या बाबतीत मात्र माझा अनुभव वाईट आहे. गॅली म्हणजे तीन बाजूंनी कड असलेले पोलादी ताट. स्टिकमध्ये जुळलेल्या ओळी त्यात उतरवायच्या, दोऱ्याने बांधायच्या, तिथेच प्रूफ काढायचे आणि मशीनवर जाईपर्यंत मजकूर रॅकमध्ये त्यातच ठेवायचा. तिच्यात दोनच गोष्टी अचूक लागतात. कोपरा काटकोनात हवा, आणि कडेची उंची खिळ्याच्या उंचीपेक्षा कमी हवी. खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे २३.३ मिलिमीटर; कड त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक असली की पुरते. दुकानदाराला मी हे तोंडी सांगितले होते, लिहूनही दिले होते. त्याने एक इंचाची पट्टी वापरली, कारण ती तयार पडून होती. त्यामुळे कड खिळ्यांच्या वर डोकावते, प्रूफचा रूळ कडेवरच अडतो आणि कागदावर कडेजवळच्या दोन ओळी उमटतच नाहीत. शिवाय वेल्डिंगचे मणी आतल्या कोपऱ्यात तसेच राहिले होते; त्यावर टेकलेली पहिली ओळ तिरपी झाली की खालचा सगळा मजकूर तिच्याच चालीने तिरपा जातो. सहापैकी चार गॅल्या मी दुसऱ्या ठिकाणी नेऊन कडा कापून, आतून घासून घेतल्या. दोनांचा कोपरा काटकोनात येणे शक्यच नव्हते, त्या आता पावतीपुस्तके वाळत घालायच्या कामी येतात. सहाचे मिळून २,७०० रुपये दिले, दुरुस्तीचे वेगळे. पहिल्या दुकानात तक्रार केली तेव्हा मला सांगण्यात आले की अर्धा इंच इकडे-तिकडे झाल्याने ताटाला काय फरक पडतो. गॅल्या जुन्याच शोधाव्यात, मग त्या झिंकच्या का असेनात, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि नव्या करायच्याच असतील तर सोबत एक खिळा न्यावा आणि कड त्याच्याशेजारी उभी करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

याउलट भंगारातल्या स्टिक ही या सगळ्या खरेदीतली सर्वांत आनंदाची गोष्ट ठरली. दोन्ही ७०० रुपयांत मिळाल्या. विकणाऱ्याला त्या खिडकीची कसलीतरी कडी वाटत होत्या. एकीची सरकती बाजू खटक्याने घट्ट होते, दुसरीची स्क्रूने. जुनी स्टिक घेताना दादांनी शिकवलेली कसोटी अशी: सरकती बाजू २४ एम या छपाईच्या मापावर, म्हणजे साधारण चार इंचांवर घट्ट करायची, पहिल्या ओळीला मोजून २४ क्वाड (रिकामी जागा भरणारे चौरस खिळे) भरायचे, मग त्याच मापाच्या आणखी सात-आठ ओळी चढवायच्या. शेवटची ओळ पहिलीइतकीच घट्ट बसली तर स्टिक सरळ आहे. वरच्या ओळीत जागा मोकळी राहिली किंवा क्वाड शिरेनासा झाला तर सरकती बाजू वाकलेली आहे आणि ती कितीही चकचकीत असली तरी सोडून द्यावी. स्क्रूची स्टिक या कसोटीला उतरली. खटक्याची थोडी ढिली आहे, पण छोट्या मापांच्या ओळींना, मुख्यतः पावतीच्या मथळ्यांना, चालते. माझी स्वतःची सवय स्टिक काठोकाठ भरण्याची होती. तशी भरली की ओळी गॅलीत उतरवताना अंगठ्यांच्या पकडीतून मधला भाग फुगून बाहेर येतो. दादा पाऊण स्टिकच्या वर कधी जात नाहीत.

फर्म्यात भरायच्या लाकडी पट्ट्यांना छापखान्यात फर्निचर म्हणतात. मी मिस्त्रींना फोनवर "थोडे फर्निचरही लागेल" असे सांगितले तेव्हा त्यांनी सोफ्याचे भाव सांगायला सुरुवात केली. गैरसमज दूर झाल्यावर त्यांनी उरलेल्या सागाच्या पट्ट्या रंध्याने तासून दिल्या. त्या वापरू नयेत. हाताने तासलेल्या पट्टीची जाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केसभर बदलते आणि चार पट्ट्या शेजारी आल्या की तो केस जाड होतो. चेस (फर्म्याची लोखंडी चौकट) आवळली की एका बाजूचे खिळे घट्ट आणि दुसऱ्या बाजूचे डुगडुगतात. मी जुन्या छापखान्यातून धातूचे फर्निचर मिळवले आणि लाकडी पट्ट्या फक्त बाहेरच्या कडेला, क्वॉइनच्या, म्हणजे फर्मा आवळायच्या पाचरांच्या, शेजारी ठेवल्या.

खर्चाचा हिशेब सांगायचा तर केसा प्रत्येकी २,२०० रुपये आणि स्टँड ५,५०० रुपये, पुन्हा घेतलेले लाकूड सोडून. वडिलांचे खिळे त्या काळी पेट्यांत बंद होऊन मूर्तिजापूरहून शकुंतला रेल्वेने अचलपूरला येत आणि तिथून बैलगाडीने आमच्या गावी. आता केसा टेम्पोतून आल्या आणि भाडे ४०० रुपये झाले. ज्यांना करून घ्यायच्या असतील त्यांनी दिवाळीच्या आधी सांगू नये, कारण त्या दिवसांत मिस्त्रींकडे दारे-चौकटींची आणि नंतर बहिरमच्या यात्रेतल्या दुकानांच्या फळ्यांची घाई असते. मला सव्वा महिना थांबावे लागले. आखणीचा कागद दोन प्रतींत द्यावा आणि एक प्रत त्यांच्या भिंतीवर खिळ्याने ठोकून यावी. सुताराच्या खिळ्याने. दुसऱ्या संचाचे माप मी गेल्या आठवड्यात देऊन आलो आहे, अठरा पॉइंटसाठी, आणि यावेळी कान्याच्या घराशेजारी अनुस्वाराचे घरही दुप्पट करायला सांगितले आहे.