वाटीतले चिंचोके: आठ महिने धुडं सोलल्यानंतर

मागच्या नवरात्रानंतर आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कॅम्पेनमध्ये (फासे टाकत, पात्रं होऊन खेळायची लांबलचक गोष्ट) मी अवयव-काढणीचे नियम आणले. मारलेल्या प्राण्याचं चामडं, दात, विष, ग्रंथी काढायच्या आणि त्यातून चिलखत, ढाल, औषध बनवायचं. आता पावसाळा तोंडावर आलाय. उत्तरायण आणि परीक्षांचे शनिवार सोडले तर दर शनिवारी रात्री बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या माळ्यावर डाव पडलाय, म्हणजे पंचवीसच्या वर सेशन झाली. एवढ्या वापरानंतर बोलायला हरकत नाही.

टेबलावर पाच जण, प्रत्येकाचा खेळात एक क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार. धाकटा दीर बार्बेरियन, मावसबहीण पॅलाडिन, दिराची एम. एस. युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र शिकणारी गुजराती मैत्रीण ड्रुइड, शेजारचे निवृत्त काका विझार्ड (जादूगार) आणि माझा नवरा रोग. (क्लास म्हणून, म्हणजे खेळातला चोर. बाकी माझं मत विचारू नका.) डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि नियम चालवणारी, मी.

मूळ खेळात या बाबतीत फारसं काही नाही. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये विष काढायचा नियम आहे: प्राणी मेलेला किंवा निपचित हवा, डी६ (सहा बाजूंचा फासा) टाकून येतील तेवढी मिनिटं लागतात, मग नेचरचा (निसर्गज्ञानाचा) चेक, डीसी २०, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर कौशल्याचा आकडा मिळवून वीस तरी यायला हवेत. जमलं तर एक डोस. पाच किंवा जास्त आकड्यांनी चुकलं तर तेच विष काढणाऱ्याला. २०१७ च्या झॅनाथरच्या पुस्तकात (खेळाचंच एक जोड-पुस्तक) जादूच्या वस्तू बनवायला कुठल्या दर्जाच्या प्राण्याचा भाग लागेल याचा एक तक्ता आहे. या दोघांच्या मधली जागा भरायला आम्ही एक होमब्रू (खेळाडूंनीच बनवलेल्या नियमांची) पीडीएफ विकत घेतली. तिचं नाव लिहीत नाही, कारण अर्धी आम्ही खोडून टाकलीय.

पहिल्या महिन्यात वैताग आला. पीडीएफमध्ये प्रत्येक प्राण्याचे आठ-दहा भाग, प्रत्येकाचं वजन, भाव आणि वेगळा डीसी. मी दिवसभर ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरते. रात्री पुन्हा आउलबेअरच्या पिसांचा स्टॉक कोण लिहिणार? तिसऱ्या सेशनला दिराच्या शीटवर एकतीस ओळी झाल्या होत्या. त्यातली एक होती ‘अँकहेगचा पाय, डावा, बहुतेक’. अडीच तासांतला पाऊण तास चिरफाडीत जायचा आणि ज्याची पाळी नाही तो मोबाइल बघायचा. पीडीएफ आहे तशीच वापरणार असाल तर माझं मत सरळ आहे: पैसे वाया.

मग चिंचोके आले. सासूबाईंच्या सारीपाटाच्या डब्यात मूठभर पडलेले होते. नियम एवढाच ठेवला की एका धुडाचे जास्तीत जास्त दोन भाग काढायचे, आणि कुठले ते लढाई संपल्याबरोबर सांगायचं. प्रत्येक भागाला एक वाटी, वाटीत तीन ते सहा चिंचोके. खेळातला एक दिवस गेला की एक चिंचोका बाहेर. वाटी रिकामी झाली की माल सडला. मीठ लावलं तर दोन वाढतात, थंड गुहेत ठेवला तर त्या दिवशीचा वाचतो. कागदावरचं सगळं लिखाण गेलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाटी समोर दिसत असली की लोक आपोआप घाई करतात. ‘आज इथेच मुक्काम करू’ म्हणणारे काका आता आधी वाटीत डोकावतात.

लढायची पद्धतही बदलली, आणि मला या सगळ्यात हेच सर्वात आवडलं. पूर्वी काका पाचव्या लेव्हलला पोचल्या दिवसापासून समोर काही हललं की फायरबॉल. आठ डी६, सगळे फासे एकदम ओतायचे आणि मिशीत हसायचं. आता फायरबॉल पडला की चामडं जळालं, हा नियम आहे. ‘काका, तुम्ही जरा थांबा, कातडं हवंय,’ असं दीर ओरडतो आणि काका म्हणतात, ‘सूनबाई, तुझ्या नियमानं माझं पेन्शन बंद केलं.’ प्राणी मारायच्या आधी त्याच्याबद्दल विचारपूस होते: विष कुठे असतं, खवले कुठे पातळ असतात. ड्रुइड तर वही घेऊन बसते.

ट्रोलने मात्र मला घाम फोडला. ट्रोल दर पाळीला दहा एचपी, म्हणजे जिवाचे गुण, भरून काढतो, फक्त आगीने किंवा ॲसिडने त्याचं भरणं थांबतं. जाळला तर अवयव खराब, न जाळता सोलायला बसलात तर तो उठून बसतो. यातून दिराला सुचलं की ट्रोल बांधून ठेवायचा, रोज एक हात तोडायचा, रोज नवा उगवणार, कायमचा कारखाना. मी म्हटलं तोडलेला हात तासाभरात नासतो. तो म्हणाला, ‘वहिनी, हे तू आत्ता ठरवलंस.’ आत्ताच ठरवलं होतं, काय करणार.

आता व्हायव्हर्न. ड्रॅगनसारखा, सीआर (प्राण्याच्या ताकदीचा आकडा) ६ चा प्राणी, शेपटीला डंख, सात डी६ चं विष. बाजारात त्या विषाच्या एका डोसाला १२०० सोन्याची नाणी. लढाई संपली तेव्हा नवऱ्याकडे बावीस एचपी उरलेले. विश्रांती घे म्हणून सगळे सांगत होते, पण वाटीतला चिंचोका जायला नको म्हणून हा तसाच बसला डंख कापायला. डी२० वर नऊ, वर पाच, एकूण चौदा. वीसला सहा कमी. सेव्ह, म्हणजे विषातून वाचायचा फासा, तोही गेला. फासे त्यालाच टाकायला दिले: सत्तावीस. व्हायव्हर्न मरून दहा मिनिटं झाली होती आणि त्याने आमच्या रोगाला आडवं केलं. आख्खी लढाई कोणी पडलं नव्हतं! मूळ नियमातला हा भाग मी अजिबात सौम्य केलेला नाही. बाकीच्या काढणीला डीसी बारा ते पंधरा ठेवलाय, विषाला वीसच.

ड्रॅगनशी लढायच्या आधीच्या रविवारी आम्ही कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये गेलो होतो. तिथला निळ्या देवमाशाचा सांगाडा शाळेच्या सहलीपासून पाहिलेला, पण या वेळी खाली उभं राहून दीर बरगड्या मोजत होता आणि एका बरगडीला किती माणसं लागतील याचा हिशेब करत होता. घरी आल्यावर नियम झाला: मोठ्या धुडाचा भाग न्यायचा तर आधी गाडी आणि बैल दाखवा. आमचा ड्रॅगन तरुण पांढरा होता, देवमाशाच्या मानाने पिल्लूच, तरी नियम राहिला.

घडवण्याच्या बाजूला मी पास करणार नाही. ड्रॅगनच्या खवल्यांचं चिलखत ‘व्हेरी रेअर’ दर्जाचं. झॅनाथरच्या हिशेबाने त्याला २० हजार नाणी, पंचवीस आठवडे काम आणि सीआर १३ ते १८ च्या प्राण्याचा भाग लागतो. आमचा ड्रॅगन सीआर ६. शिवाय गोष्टीत महिन्याभरात शहर बुडणार होतं, त्यात पंचवीस आठवडे कुणाकडे? सगळ्यांची तोंडं उतरली. शेवटी मी त्याच खवल्यांची ढाल दिली, थंडीचा मारा तीनदा अर्धा करते आणि मग तडकते. चालून गेलं, पण दरवेळी असं काहीतरी मलाच जुळवावं लागतं. सुतार, चांभार, लोहार यांच्यातला फरक नियमांत नावापुरता आहे. या कामाला डीएमचा वेळ जातो, हे आधीच माहीत असू द्या.

एक गोष्ट आमच्या गावची. पुढे एका दलदलीत महाकाय मगर आली आणि दिराने सवयीने वाटी पुढे केली. ड्रुइड म्हणाली, मगरीचं कातडं मी काढणार नाही, काढूही देणार नाही. विश्वामित्री नदीतल्या मगरी तिचा अभ्यासाचा विषय. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये शिरल्या तेव्हा ती पकडायला गेलेल्यांच्या मदतीला होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, हे तिने फासे हातात धरून ऐकवलं. दीर म्हणाला, ‘अगं, खेळ आहे.’ तिने फासे खाली ठेवले. मगर सुटली, आणि तेव्हापासून कोणाला काय सोलायचं नाही ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचं असं मी ठरवलंय.

पैसे वसूल झाले ते बॅसिलिस्कमध्ये. त्याच्या नजरेने पॅलाडिन दगड झाली. ग्रेटर रिस्टोरेशन (दगड झालेल्याला सोडवणारा मंत्र) आमच्या कुणाकडे असायचा प्रश्नच नव्हता. पण बॅसिलिस्कच्या गळ्यातल्या पिशवीतून नीट तेल काढलं तर दगडाचं पुन्हा माणूस होतं, हे मूळ पुस्तकातच आहे. ड्रुइडला ते ठाऊक होतं. बार्बेरियनने नेमकी मान ठेचून ठेवलेली. अर्धी पिशवी हाती लागली, वाटीत तीन चिंचोके, तेल काढणारा अल्केमिस्ट दोन दिवसांच्या वाटेवर. पुतळा बैलगाडीत गवतावर आडवा टाकला. मावसबहीण स्वतःच्या पुतळ्याशेजारी बसल्यासारखी गप्प. ओढ्याच्या उतारावर चाक गचकलं, मी डी२० टाकला, एक आला. डाव्या हाताची करंगळी तुटून पाण्यात गेली. शोधली, मिळाली नाही. शेवटचा चिंचोका वाटीत असताना तेल लागलं आणि ती जिवंत झाली, पण दगड असताना तुटलेलं परत येत नाही, तेही तिथेच लिहिलंय.

गेल्या शनिवारी तिने व्हायव्हर्नच्या चामड्याचे हातमोजे शिवायला टाकले. चांभाराच्या आवाजात मी विचारलं, ‘बाई, डाव्याला बोटं चारच ठेवू का पाचवं मुडपून शिवू?’

‘पाच ठेवा,’ ती म्हणाली, ‘आत कापूस भरा.’