मिरामारचं सायन्स सेंटर: आजीला पण न्या

रविवारी डिचोलीहून आम्ही चौघं, मी, नवरा, ५ वर्षांची लेक आणि सासूबाई, मिरामारच्या गोवा सायन्स सेंटरला गेलो. २००१ पासून आहे हे, मी शाळेच्या सहलीत पळत पळत बघितलेलं, त्यातलं आता काहीच आठवत नाही. म्हणून यावेळी घाई करायचीच नाही असं ठरवलं.

बाहेरच्या पार्कातच दीड तास गेला. समोरासमोर लांब ठेवलेल्या त्या दोन मोठ्या वाट्या आहेत ना, एकीत कुजबुजलं की दुसरीकडे ऐकू येतं, तिथून लेकीने आजीला "लाडू पाहिजे" सांगितलं, आजीने तिकडून "घरी गेल्यावर" म्हटलं आणि मग दोघी तिथून हलेचनात. लेक वाटीपासून बाजूला सरून बोलली तर आवाज पोचेना, हे तिचं तिलाच सापडलं. आवाज वाटीवर आपटून सरळ पलीकडे जातो आणि तिथे एका जागी गोळा होतो, हे मी नंतर सांगितलं. प्लीज, बोर्ड वाचून दाखवू नका, आधी "काय होईल गं?" एवढंच विचारा. सोबत असलं तरच असं विचारता येतं; गेल्या वर्षी एका वर्कशॉपला आम्हा पालकांना बाहेर बसवलेलं, पोरगी सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी घेऊन आली पण फेस का येतो विचारलं तर गप्प, आणि मलाही पुढे काय विचारावं कळेना कारण आत काय झालं ते मी बघितलंच नव्हतं.

तारांगण पुढच्या खेपेला. पार्क उघड्यावर आहे, टोपी आणि पाणी न्याच.

नंतर किनाऱ्यावर गेलो तर सासूबाई म्हणाल्या, "आज अष्टमी, भांग आहे, पाणी फार वर येणार नाही." (भांग म्हणजे लहान भरती.) लेक बघतच राहिली, आजीला कसं ठाऊक! त्यांचं माहेर दिवाडी बेटावरचं, खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली), अमावास्या-पुनवेला उधाण हे लहानपणापासून अंगवळणी. सूर्य-चंद्र एका रेषेत आले की ओढ वाढते आणि अष्टमीला काटकोनात असतात म्हणून कमी, हे माझ्या नवऱ्याने वाळूत गोल काढून दाखवलं. मग आजीने मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेचं, दार सांगितलं, भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं, खारं पाणी शेतात शिरत नाही, कुणी ढकलावं लागत नाही.

लेकीने लगेच वाळूचा बांध घातला, बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा दार म्हणून लावला. पहिली लाट दार ढकलून सरळ आत! आजी काही बोलल्या नाहीत. पोरीने थोडा वेळ बघितलं आणि पुठ्ठा काढून समुद्राच्या बाजूने लावला.