एफ-150 चं एटीएफ: दुकानातल्या मशीनवर की घरच्या घरी?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ, बदलायचंय असं चारचौघांत बोललं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, दुकानात जा, मशीन लावा, सगळं तेल एकदमच बदलून घ्या. दुसरा म्हणजे, घरी गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन उतरवा, फिल्टर टाका, निघेल तेवढं पुन्हा भरा. मिशिगनमधल्या माझ्या 2013 च्या फोर्ड एफ-150 पिकअपवर मी दोन्ही करून बसलोय. गाडी एरवी ऑफिसला जाते आणि गणपतीत मंडळाचे ढोल-ताशे ट्रेलरवर ओढते. कंपनीच्या तक्त्यात साध्या वापरासाठी दीड लाख मैल लिहिलेत, पण ट्रेलर ओढणाऱ्याने तेवढं थांबू नये.

हिशोबात मशीनच जिंकतं. या सिक्स-आर-एटी (6R80) गिअरबॉक्समध्ये एकूण सुमारे 13 क्वार्ट तेल असतं, क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर. पॅन उतरवून पाच-सहा निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनला गिअरबॉक्सशी जोडणारा भाग) आणि कूलरमध्ये दडून राहतं. सहा धरलं तरी पहिल्या खेपेला निम्म्याहून कमीच नवं, दुसऱ्या खेपेला 70 टक्क्यांच्या आसपास, तिसऱ्या खेपेला 84. शिवाय पॅनला ड्रेन प्लग, म्हणजे तेल सोडायचं बूचच नाही. बोल्ट ढिले करून एक कोपरा खाली झुकवायचा आणि तेल ट्रेमध्येच पडावं म्हणून देवाचं नाव घ्यायचं. पहिल्या वेळी ते माझ्या बाहीतून थेट काखेत गेलं. ड्राइव्हवेवरच्या डागाला घरात अजून 'बाबांची रंगपंचमी' म्हणतात.

तरीही मशीन माझ्या मनातून उतरलं, आणि ते तेलाच्या लेव्हलमुळे.

मशीनवरून गाडी आणली त्याच आठवड्यात, थंडीच्या सकाळी रिव्हर्स टाकला की ती क्षणभर विचारात पडायची, मग धक्का देऊन मागे जायची. परत गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "जेवढं काढलं तेवढंच भरलंय, मशीन चुकत नाही." लेव्हल बघा म्हटलं, तर म्हणाला, "या गाडीला डिपस्टिकच नसते." असते हो! बॉनेटखाली नसते एवढंच. गिअरबॉक्सच्या बाजूला, ड्रायव्हरच्या उजवीकडे, एक्झॉस्टला खेटून एक प्लग आहे. तो उघडला की आत बोटभर दांडी निघते. इंजिन चालू हवं आणि तेल दोनशे फॅरनहाइटच्या आसपास तापलेलं हवं, म्हणजे एक्झॉस्टही तापलेलाच. मनगटाला चटका घेऊन मी ती काढली. तेल टोकालाही लागलेलं नव्हतं. जवळपास क्वार्टभर भरावं लागलं, आणि रिव्हर्सची कुरकुर थांबली.

सगळी दुकानं अशी नसतील, मान्य. माझ्या नशिबी हे आलं. पण मशीनवाल्याने पॅन उघडलाच नव्हता, म्हणजे फिल्टर जुनाच. पुढे मी उतरवला तेव्हा पॅनमधल्या चुंबकावर राखाडी लगदा साचला होता. तो बारीक आणि मऊ असेल तर नेहमीची झीज. बोटाला कण टोचले तर मात्र प्रकरण वेगळं. आणि गिअर आधीच घसरत असतील तर यातल्या कुठल्याच पद्धतीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

तेलाबद्दल थोडक्यात. या गाडीला मर्कॉन एलव्ही, फोर्डने ठरवलेला एटीएफचा प्रकार. 'सर्व गाड्यांना चालेल' छापाचं एकदा घातलं होतं, खरं सांगायचं तर फरक जाणवला नाही. पण हजारोंच्या गिअरबॉक्सवर वीस डॉलर वाचवून झोप लागेना. मर्कॉन यूएलव्ही मात्र चुकूनही घालू नका. ते 2017 पासूनच्या दहा-गिअरवाल्यांसाठी आहे, जास्त पातळ. नवं म्हणून वरचढ असा त्याचा अर्थ नाही.

दुसऱ्या खेपेला मी ड्रेन प्लगवाला पॅन बसवला, आणि घरच्या पद्धतीतली खरी कटकट तिथेच संपली. आता प्लग काढायचा, निघालेलं तेल मापाच्या डब्यात मोजायचं, हातपंपाने तेवढंच खालून चढवायचं आणि गरम करून दांडी बघायची. दर दुसऱ्या वर्षी, ढोल परत पोचवले की पुढचा शनिवार याचाच.

अपार्टमेंटात राहत असाल, गाडीखाली शिरायला जागा नसेल, तर मशीनवर जा. फक्त चावी देण्याआधी विचारा, लेव्हल बघायची दांडी कुठे आहे? समोरच्याने बॉनेट उघडलं तर चावी खिशातच ठेवा.