‘जुने वार’ने खाल्लेला रविवार

गूढ शब्दकोड्यांची, म्हणजे शोधसूत्रातच शब्दांची फिरकी असलेल्या कोड्यांची, ही वही कुठल्या प्रकाशकाची नाही. रचणारे गृहस्थ निवृत्त आहेत, नाव छापायला तयार नाहीत. ओळखीतूनच मिळते, स्पायरल केलेली, १५० रुपयांना. कोडी बारा. पहिली अकरा दुपारच्या चहाबरोबर एकटीने सुटतात. बाराव्याला, म्हणजे ‘जुने वार’ला, चार डोकी, मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्वेंच्या शब्दकोशाचे दोन खंड आणि अख्खा रविवार लागला.

आमचा अड्डा पुण्याच्या नारायण पेठेत, नंदूकाकांकडे. पोहे खाऊन दहाला बसलो. कोड्याची आखणी इंग्लंडच्या ‘लिसनर’ साप्ताहिकातल्या कोड्याच्या वळणाची: काळी घरं नाहीत, शब्द जाड रेघांनी तोडलेले. (ते साप्ताहिक १९९१ मध्ये बंद पडलं, पण १९३० मध्ये सुरू झालेलं त्याचं कोडं ‘द टाइम्स’मध्ये अजून येतं. काकांना त्याचं फार कौतुक.) वर एकच सूचना: ‘सात उत्तरं आहेत तशी बसणार नाहीत.’ कंसातला आकडा घरांचा.

आता ही शोधसूत्रं बघा. ‘केसांत एक, प्रयागला तीन (२)’ म्हणजे वेणी. हे पटकन आलं. ‘सूर्याने केला घाव, तरी सुट्टी (५)’: रवि आणि वार, रविवार. पण अक्षरं चार, घरं पाच! उलट ‘मास्तरांचं तीन फूट कापड दत्ताला वाहिलं (३)’. तीन फूट म्हणजे एक वार, मास्तर म्हणजे गुरू. गुरुवार चार अक्षरी, घरं मात्र तीन. एक आखूड, एक लांब. काका म्हणाले, “छपाईची चूक.” आम्हीही मान डोलावली, कारण तोवर एक वाजला होता.

गुरुवारच्या त्या तीन घरांत, छेदणाऱ्या वेणीतून पहिलं अक्षर वे आलं, तुळस या दुसऱ्या उत्तरातून शेवटचं ळ. मी ऐटीत ‘वेल्हाळ’ लिहून मोकळी झाले, तेही पेनाने. मास्तरांचा नि वेल्हाळचा संबंध काय, हे कुणीच विचारलं नाही.

जेवणानंतर सुमाताई बडीशेप चघळत त्या घरांकडे बघत बसल्या होत्या. त्यांचं माहेर गुरुवार पेठेतलं. “अगं, आमची आजी तिला वेताळ पेठच म्हणायची!” दोन मिनिटं कुणी बोललंच नाही, मग सगळे एकदम बोलायला लागलो. जुने वार म्हणजे वारांच्या पेठांची जुनी नावं. रविवारचं मलकापूर, सोमवारचं शहापूर, मंगळवारचं अष्टापुरा. सकाळपासून आम्ही पेठेतच बसून पेठा शोधत होतो. नारायण पेठ वारांत बसत नाही म्हणून सुचलं नाही, ही काकांची सबब.

असा क्षण या कोड्यात एकदाच येतो, पण त्यासाठी १५० रुपये काहीच नाहीत. वार या एका शब्दातून घाव, कापड आणि दिवस काढणं इंग्रजीत जमायचं नाही. आणि एका घरात काना-मात्रेसकट एक अक्षर, जोडाक्षरही एकच, ऱ्हस्व-दीर्घाला माफी नाही, हा नियम रचनाकारांनी शेवटपर्यंत पाळलाय.

तक्रार एकच, पण मोठी. शनिवार पेठेचं जुनं नाव मुर्तझाबाद की मुर्तजाबाद? त्या तिसऱ्या घराला छेद देणारा उभा शब्दच नाही! म्हणजे झ लिहा की ज, ठरवायचं कशावरून? मागे उत्तरांत झ आहे. काकांनी ज लिहिला होता आणि ते अजून धुसफुसताहेत. जिथे लेखनाला दोन वाटा आहेत ते घर मोकळं सोडणं हा सोडवणाऱ्यावर अन्याय आहे. शिवाय कागद पातळ, खोडरबरने फाटतो.

नवशिक्यांनी पहिल्या कोड्यापासून सुरुवात करावी. बाराव्याला मात्र जुन्या पुण्यात माहेर असलेली एक बाई सोबत घ्या. आणि वही विकतच घ्या, माझी उसनी मागू नका. तिच्यात ते वेल्हाळ अजून पेनाने तसंच आहे.